एकाच आलेखाचे दोन निकाल : लॉस अलामॉसचे पॉलिग्राफ प्रकरण

अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात त्या अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २३ डिसेंबर १९९८ रोजी लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या वेन हो ली या शास्त्रज्ञाची पॉलिग्राफ चाचणी, म्हणजे खोटे पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राची चाचणी, घेतली. ली तैवानमध्ये जन्मलेले, १९७४ पासून अमेरिकेचे नागरिक, १९७८ पासून प्रयोगशाळेत नोकरीला. अण्वस्त्रांची रचना जिथे होते त्या 'एक्स डिव्हिजन'मध्ये ते संगणकासाठी आज्ञावली लिहीत. डब्ल्यू-८८ या अण्वस्त्राच्या रचनेचे तपशील चीनच्या हाती लागले असावेत, असा संशय १९९५ पासून होता आणि शोध घेणाऱ्यांचे बोट लींकडे वळले होते. नुकतेच तैवानहून परतलेल्या लींना त्या दिवशी यंत्रासमोर बसवले गेले. तुम्ही अमेरिकेविरुद्ध हेरगिरी केली आहे का? अण्वस्त्रांची गोपनीय माहिती अनधिकृत माणसाला दिली आहे का? हेरगिरीसाठी कोणाशी संपर्क ठेवला आहे का? अशा प्रश्नांना लींनी प्रत्येक वेळी "नाही" म्हटले. परीक्षकाने निकाल दिला : लबाडी आढळत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत तेच आलेख वॉशिंग्टनला एफबीआयच्या पॉलिग्राफ तज्ज्ञांनी पाहिले. त्यांचे मत नेमके उलटे पडले. १० फेब्रुवारी १९९९ रोजी एफबीआयने स्वतःची वेगळी चाचणी घेतली आणि ली तिच्यात उत्तीर्ण झाले नाहीत असे ठरवले. त्यानंतर महिन्याभरातच, ८ मार्चला, लींची नोकरी गेली.

पुढची हकीकत त्या काळी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. डिसेंबर १९९९ मध्ये अटक, गोपनीय माहिती नियमबाह्य हाताळल्याचे ५९ आरोप, २७८ दिवस एकांत कोठडी. सप्टेंबर २००० मध्ये लींनी एकच आरोप कबूल केला आणि सुटले. न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची माफी मागितली आणि सरकारच्या वागणुकीवर ताशेरे ओढले. लींनी गोपनीय फायली असुरक्षित संगणकावर आणि टेपवर उतरवून घेतल्या होत्या, हे खरे आहे, आणि ती किरकोळ चूक नव्हती. हेरगिरीचा आरोप मात्र त्यांच्यावर कधी ठेवलाच गेला नाही.

ली दोषी होते की निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही. पाहायचे आहे ते एवढेच : एका माणसाच्या छातीचा, बोटांचा आणि दंडाचा आलेख एका कार्यालयात "खरा" आणि दुसऱ्या कार्यालयात "खोटा" कसा ठरतो, आणि ज्या साधनाच्या बाबतीत असे घडू शकते तेच साधन त्यानंतर हजारो माणसांच्या चाळणी परीक्षेसाठी कसे निवडले जाते.

यंत्र नेमके काय टिपते

पॉलिग्राफच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीभोवती आणि पोटाभोवती श्वास मोजणाऱ्या दोन नळ्या गुंडाळतात. दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा असतो. तो प्रश्नांच्या पूर्ण फेरीभर फुगवलेला ठेवतात, त्यामुळे हात जड होऊन दुखू लागतो. दोन बोटांना घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता टिपणारी टोके लावलेली असतात. बाकी काही नाही. या चार वाहिन्यांत "खोटे" नावाची कोणतीही खूण उमटत नाही, कारण खोटे बोलताना आणि फक्त खोटे बोलतानाच शरीरात घडणारी अशी एकही प्रतिक्रिया आजवर सापडलेली नाही. यंत्र टिपते ती उत्तेजना. ती भीतीची असेल, संतापाची असेल, शरमेची असेल, किंवा "हा प्रश्न विचारून यांना सुचवायचे तरी काय आहे?" या विचाराची असेल.

चोराच्या मनात चांदणे, ही म्हण आपल्याला पटते तशी पॉलिग्राफच्या जनकांनाही पटलेली असावी. सारी भिस्त तिच्यावरच आहे. अडचण अशी की ज्याची नोकरी, अब्रू आणि कदाचित स्वातंत्र्यही एका उत्तरावर टांगलेले आहे, त्याच्या मनात चोरी न करताही चांदणे पडू शकते.

ही अडचण पॉलिग्राफवाल्यांना ठाऊक नाही असे नाही. म्हणून ते तुलनेचे प्रश्न घालतात. ऊर्जा खात्याने पुढे कर्मचाऱ्यांसाठी वापरलेल्या चाचणीत याची एक खास तऱ्हा होती. परीक्षक आधीच सांगून ठेवतो की अमुक एका निरुपद्रवी प्रश्नाला तुम्ही मुद्दाम खोटे उत्तर द्यायचे. उदाहरणार्थ, वाहतुकीचा एखादा बारीकसा नियम कधी मोडला आहे का? मोडलेला असतोच, पण म्हणायचे "नाही". हे खोटे सांगून-सवरून बोललेले असते आणि परीक्षकालाही माहीत असते. मग या प्रश्नावरची उत्तेजना आणि "तुम्ही हेरगिरी केली आहे का?" या प्रश्नावरची उत्तेजना शेजारी ठेवून पाहतात. गृहीतक असे : निर्दोष माणूस सांगून बोललेल्या खोट्यावर जास्त उत्तेजित होईल, आणि हेर हेरगिरीच्या प्रश्नावर.

हे गृहीतक जरा हातात धरून उलटसुलट करून पाहावे. वाहतुकीच्या नियमाबद्दल, समोरच्याच्या परवानगीने, खोटे बोलताना माणसाला जितकी धडधड होते त्याहून कमी धडधड देशद्रोहाच्या प्रश्नावर होईल, अशी अपेक्षा निर्दोष माणसाकडून ठेवलेली आहे. काही जणांच्या बाबतीत तसे होतही असेल. पण का व्हावे, याचे शरीरशास्त्रीय किंवा मानसशास्त्रीय उत्तर कोणी नीट दिलेले नाही. शिवाय ज्याला ही युक्ती माहीत आहे तो तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावू शकतो, बुटात बोटे दाबू शकतो, मनातल्या मनात अवघड वजाबाकी करू शकतो. तिकडची उत्तेजना वाढली की हेरगिरीच्या प्रश्नावरची आपोआप लहान दिसते. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत थोड्याशा शिकवणीनेही हे जमल्याचे दिसले आहे. युक्ती शिकून येण्याचे कारण निर्दोष माणसाला कमी असते आणि हेराला भरपूर, हा त्यातला उपरोध.

मग दोन निकाल लागले कसे

आलेखावरून निकालापर्यंत जाताना मध्ये माणूस असतो. प्रचलित पद्धतीत परीक्षक प्रत्येक वाहिनीवर महत्त्वाचा प्रश्न आणि तुलनेचा प्रश्न यांतला फरक पाहून उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत गुण देतो. गुणांची बेरीज एका रेषेच्या वर गेली तर खरा, दुसऱ्या रेषेच्या खाली गेली तर खोटा, मधे अडकली तर अनिर्णित. हे गुण दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे दिले तर बहुतेक वेळा जुळतात, असे पॉलिग्राफचे समर्थक सांगतात. ते खोटेही नाही. पण जुळणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लींच्या बाबतीत तर जुळलेही नाही.

परीक्षकाला आधीपासून काय माहीत आहे याचा परिणाम होतो का, हे अभ्यासले गेले आहे. आलेख ठसठशीत असेल तर पूर्वग्रह फारसा फरक करू शकत नाही. आलेख धूसर असेल तेव्हा मात्र परीक्षकाला जे अपेक्षित असते तिकडे निकाल झुकतो, असे दिसून आले. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरला "याला क्षय असावा" असे आधीच सांगून ठेवले तर अंधूक डागाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील, तसेच हे. फरक एवढाच की डॉक्टरला थुंकीची तपासणी करून पडताळता येते. पॉलिग्राफ परीक्षकाच्या हातात अशी दुसरी कसोटी नसते.

डिसेंबरमध्ये ऊर्जा खात्यासाठी चाचणी घेणारा परीक्षक एका कर्मचाऱ्याचे आलेख वाचत होता. त्यानंतर आलेख वाचणाऱ्यांसमोर तीन वर्षे रेंगाळलेले हेरगिरीचे प्रकरण होते, एकच नाव होते आणि राजकीय दबाव दिवसेंदिवस वाढत होता. त्यांनी जाणूनबुजून निकाल फिरवला असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही आणि त्याची गरजही नाही. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे वाचले तरी हेच घडू शकते, आणि साधनाच्या विश्वसनीयतेच्या दृष्टीने ते लबाडीपेक्षा अधिक चिंतेचे आहे. लबाडी पकडता येते, दुरुस्त करता येते. जे साधन वाचणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे उत्तर देते त्याची दुरुस्ती कशी करणार?

तपासाची सुरुवातच कच्ची होती, हे नंतर न्याय खात्याने नेमलेल्या रँडी बेलोज यांच्या पथकाने दाखवून दिले. माहिती लॉस अलामॉसमधूनच फुटली असणार असे ऊर्जा खात्याच्या प्राथमिक चौकशीने धरून चालले होते, आणि एफबीआयने ते फारसे न तपासता उचलले. पॉलिग्राफचा दुसरा निकाल त्या कच्च्या पायावर वरून ठेवलेली वीट होती.

७ मार्चची मुलाखत

नोकरी जाण्याच्या आदल्या दिवशी एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी लींची दीर्घ चौकशी केली. तिचा शब्दशः वृत्तान्त नंतर उघड झाला. तो वाचला की सुरक्षा यंत्रणांना पॉलिग्राफ प्रत्यक्षात कशासाठी लागतो ते कळते. तुम्ही चाचणीत नापास झाला आहात, असे लींना पुन्हा पुन्हा सांगितले गेले. ज्या डिसेंबरच्या चाचणीत त्यांना उत्तीर्ण ठरवले होते तिच्यातसुद्धा. ली म्हणत राहिले की मी खरे तेच सांगितले. तुमच्यावर आता कोणीच विश्वास ठेवणार नाही, हा दुसरा धोशा. त्याच्या जोडीला हेरगिरीच्या कटात दोषी ठरलेल्या ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याचे नाव काढले गेले : त्यांनी सहकार्य केले नाही, त्यांचे काय झाले माहीत आहे ना? १९५३ मध्ये त्या दोघांना विजेच्या खुर्चीत बसवले होते.

इथे आलेख कोणी मोजत नव्हते. "यंत्राने तुला पकडले आहे" हे वाक्य वापरले जात होते. या वाक्याची ताकद यंत्राच्या अचूकतेवर अवलंबून नसते. समोरच्याचा यंत्रावर विश्वास असला की पुरते. पॉलिग्राफमुळे कबुल्या मिळतात हा दावा म्हणूनच बऱ्याच अंशी खरा आहे. चौकशीचे हत्यार म्हणून त्याचा उपयोग आहे, हे कट्टर टीकाकारही मान्य करतात. फक्त त्या उपयोगाला मोजमाप म्हणू नये. शिवाय त्याच दडपणाखाली निर्दोष माणसेही काहीबाही कबूल करतात. लींनी मात्र त्या दिवशी हेरगिरीची कबुली दिली नाही.

एकावरून सगळ्यांवर

प्रकरण गाजले आणि सुरक्षेत ढिलाई झाल्याची ओरड सुरू झाली. ऑक्टोबर १९९९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, संरक्षण खर्चाच्या कायद्यातच तरतूद घातली : ऊर्जा खात्याच्या अत्यंत संवेदनशील कार्यक्रमांत काम करणाऱ्यांनी पॉलिग्राफ चाचणी द्यावी. खात्याने डिसेंबरमध्ये नियम काढला. पुढच्या वर्षी व्याप्ती आणखी वाढली आणि चाचणीच्या कक्षेत येऊ शकणाऱ्यांची संख्या वीस हजारांवर गेली. ज्या चाचणीच्या एकाच आलेखाचे नुकतेच दोन अर्थ निघाले होते, तीच चाचणी त्या प्रकरणाचे उत्तर म्हणून पुढे आली. राजकारणात "काहीतरी केले" हे दाखवण्याला किती किंमत असते ते यावरून दिसते.

नियमाचा मसुदा निघाला तेव्हा प्रयोगशाळांत जाहीर सुनावण्या झाल्या. समोर बसलेले लोक भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, अभियंते. आपल्या उपकरणाची त्रुटी किती, हे रोज सांगणे हेच त्यांचे काम. त्यांनी साहजिकच तोच प्रश्न विचारला : या उपकरणाची त्रुटी किती? चुकून अडकणाऱ्या निर्दोषांचे प्रमाण किती? समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी ऊर्जा खात्यानेच राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेला या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फीनबर्ग समितीचे अध्यक्ष होते. अहवाल ऑक्टोबर २००२ मध्ये जाहीर झाला.

समितीने पॉलिग्राफला सरसकट निकालात काढले नाही, आणि म्हणून मला हा अहवाल भरवशाचा वाटतो. निकषांत बसणारे ५७ अभ्यास त्यांनी निवडले. त्यांचाही दर्जा एकंदरीत बेताचाच असल्याचे नोंदवले. एखाद्या ठरावीक घटनेबद्दल, म्हणजे "तिजोरीतले पैसे तू घेतलेस का?" अशा प्रकारच्या प्रश्नांवर, प्रशिक्षण नसलेल्या माणसांची चाचणी योगायोगापेक्षा बरीच चांगली पण परिपूर्णतेपासून बरीच दूर असते, असा निष्कर्ष काढला. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत अचूकतेचा मध्यांक ०.८६ आला. हा आकडा "शंभरातले ८६ निकाल बरोबर" असा वाचतात, ते चूक आहे. त्याचा अर्थ असा : एक खरे बोलणारा आणि एक खोटे बोलणारा माणूस यदृच्छया उचलला, तर खोटे बोलणाऱ्याचा आलेख अधिक संशयास्पद दिसण्याची शक्यता ८६ टक्के. रेषा कुठे ओढायची हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतोच.

आणि कर्मचाऱ्यांच्या चाळणी परीक्षेत घटनाच ठरावीक नसते. काय घडले ते माहीत नसते. काही घडले की नाही तेही माहीत नसते. "तुम्ही कधी गोपनीय माहिती अनधिकृत माणसाला दिली आहे का?" या प्रश्नावर वीस वर्षे नोकरी केलेल्या प्रामाणिक माणसाला एखाद्या परिषदेतले चहाच्या वेळचे बोलणे आठवते, त्यात आपण जरा जास्त बोललो का अशी चुटपुट लागते, आणि सुई हलते. अशा चाळणी परीक्षांवर थेट केलेले अभ्यास फारच थोडे होते. म्हणजे ज्या कामासाठी सरकार पॉलिग्राफ सर्वाधिक वापरणार होते, त्याच कामाचा पुरावा सर्वांत तोकडा.

दहा हजारांत दहा

समितीने मांडलेला एक हिशेब मी या साऱ्या वादाचे केंद्र मानतो. तो करायला कोणतेही प्रगत गणित लागत नाही.

समजा दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर आहेत. (प्रत्यक्षात इतके हेर असतील असे कोणी मानत नाही, हिशेब पॉलिग्राफच्या बाजूने झुकता ठेवलेला आहे.) अचूकतेचा आकडाही उदारपणे ०.९० धरू. आता रेषा अशी ओढू की दहांपैकी आठ हेर सापडावेत. तर नापास होतील एकूण १,६०६ माणसे. त्यांतले ८ हेर, उरलेले १,५९८ निर्दोष. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या सुमारे दोनशे माणसांमागे एक हेर. आणि दोन हेर "उत्तीर्ण" असा शिक्का घेऊन बाहेर पडले.

इतके निर्दोष अडकणे परवडणार नाही, म्हणून रेषा सरकवू. आता फक्त ४१ माणसे नापास होतात. आकडा आटोक्यातला वाटतो. पण त्या ४१ मध्ये हेर दोनच, ३९ निर्दोष, आणि आठ हेर उत्तीर्ण.

मधली कोणतीही रेषा घेतली तरी या दोन टोकांमधलाच काहीतरी तोटा पदरी पडतो. परीक्षक अधिक हुशार नेमून, यंत्र संगणकाला जोडून, प्रश्न बदलून हा तोटा थोडाफार कमी होईल. पण त्याचे मूळ यंत्रात नाही, हेरांच्या दुर्मीळपणात आहे. दुर्मीळ गोष्ट शोधायला कमअस्सल कसोटी लावली की तिने दाखवलेल्यांत निर्दोषांचीच गर्दी होते. हेच गणित विमानतळावर चेहऱ्यावरचे भाव वाचणाऱ्या अधिकाऱ्याला लागू पडते, आवाजातला ताण मोजणाऱ्या यंत्राला लागू पडते आणि मेंदूच्या लहरी टिपणाऱ्यालाही. या पर्यायांकडेही समितीने पाहिले होते. काही आशादायक वाटले, पण पॉलिग्राफपेक्षा सरस ठरलेला एकही नव्हता.

सुरक्षा खात्यातले लोक यावर म्हणतात : नापास झाला म्हणून कोणाला लगेच काढत नाही, फक्त पुढची चौकशी करतो. दहा हजारांच्या प्रयोगशाळेत १,६०६ जणांची पुढची चौकशी म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. प्रत्येकाचे बँक खाते, प्रवास, ओळखीपाळखी. तोवर गोपनीय कामापासून दूर. ज्यांच्यावर संशयाची सावली पडली त्यांतले बहुतेक त्या विषयातले मोजके जाणकार, त्यांच्याशिवाय काम अडणारे. आणि चौकशीत काहीच सापडले नाही तरी "काही सापडले नाही" एवढेच सिद्ध होते. माणूस निर्दोष ठरत नाही, निकाल मात्र फाइलमध्ये राहतो.

याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूला आहे. सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला माहिती विकत होता. १९८६ मध्ये तो पॉलिग्राफ चाचणी उत्तीर्ण झाला, १९९१ मध्ये पुन्हा झाला, आणि पकडला गेला १९९४ मध्ये. त्याने रशियनांकडे सल्ला मागितला होता, तर उत्तर आले : रात्री नीट झोप, निवांतपणे जा, परीक्षकाशी गोड बोल. औषध नाही, कसरत नाही. क्यूबासाठी हेरगिरी करणारी संरक्षण गुप्तचर संस्थेतली ॲना मॉन्टेसही चाचणी उत्तीर्ण झाली होती. एम्सच्या आलेखांत पुढे शंकेच्या जागा शोधल्या गेल्या, पण उत्तर हाती आल्यावर गणित सोडवणे सोपे असते. तोवर त्याने नावे दिलेली कित्येक माणसे मॉस्कोत गोळी खाऊन मेली होती. समितीने अहवालात बजावले ते याच संदर्भात : चाचणीवर जरुरीपेक्षा जास्त भरवसा ठेवला तर बाकीची दक्षता सैल पडते. निष्कर्षही निःसंदिग्ध होता. संघराज्य सरकारच्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा चाळणीसाठी विसंबून राहावे इतकी पॉलिग्राफची अचूकता नाही.

अहवालानंतर

अहवाल आल्यावर नियम नव्याने ठरवा, असे काँग्रेसने आधीच बजावून ठेवले होते. एप्रिल २००३ मध्ये ऊर्जा खात्याने नवा प्रस्ताव मांडला तो जवळजवळ जुनाच. अकादमीचे म्हणणे आम्हाला समजते, पण पॉलिग्राफ हे अनेक साधनांपैकी एक आहे, असा त्यातला युक्तिवाद. अनेक साधनांपैकी एक असणे हा गुण कधी ठरतो? ते एक साधन बाकीच्यांत भर घालते हे दाखवता आले तरच. तसे दाखवणारा पुरावा खात्याकडे नव्हता.

टीका झाली. सप्टेंबरमध्ये खात्याचे उपमंत्री काइल मॅकस्लॅरो यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितले की चाचणी सक्तीची असणाऱ्यांची संख्या वीस हजारांवरून साडेचार हजारांच्या आसपास आणू. प्रत्यक्ष नवा नियम लागू व्हायला ३० ऑक्टोबर २००६ उजाडले. त्यानुसार सरसकट चाळणी गेली. परदेशी गुप्तचरांशी संबंध असल्यासारखे विशिष्ट कारण असेल तर चाचणी, शिवाय काही यदृच्छया निवडलेल्यांची. म्हणजे दुर्मीळ हेर सर्वांत शोधण्याऐवजी जिथे आधीच काही खूण आहे तिथे साधन वापरायचे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर दहा हजारांतले दहा शोधण्याऐवजी शंभरांतले दोन-चार शोधायचे. तिथेही चुका होतीलच, पण निर्दोषांचा ढीग इतका मोठा होणार नाही. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. फक्त तो संशोधनाने पटवला की कर्मचारी सोडून जातील या भीतीने, याबद्दल मी पैज लावणार नाही.

बाकीच्या खात्यांनी मात्र उलटा रस्ता धरला. फेब्रुवारी २००१ मध्ये एफबीआयचाच अधिकारी रॉबर्ट हॅन्सन रशियाचा हेर म्हणून पकडला गेला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याची एकदाही पॉलिग्राफ चाचणी झाली नव्हती. लगेच एफबीआयने आपल्या लोकांच्या चाचण्या वाढवल्या. चाचणी घेतली असती तर हॅन्सन सापडला असता का? एम्सचा दाखला पाहता सांगता येत नाही. सीआयए आणि एनएसए (राष्ट्रीय सुरक्षा संस्था) यांच्यात नोकरीसाठी ही चाचणी आजही द्यावी लागते. गंमत म्हणजे १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांवर पॉलिग्राफ वापरायला अमेरिकेत बंदी आहे. सरकारने स्वतःला त्यातून वगळले.

जून २००६ मध्ये लींनी खासगीपणाच्या भंगाबद्दल लावलेला दावा तडजोडीने मिटला. सरकारने ८ लाख ९५ हजार डॉलर आणि पाच वृत्तसंस्थांनी मिळून साडेसात लाख डॉलर दिले.

आता ज्या दोन निकालांपासून सुरुवात केली त्यांतला बरोबर कोणता? पॉलिग्राफची प्रत्यक्ष प्रकरणांतली अचूकता मोजायची तर सत्य काय होते ते दुसऱ्या मार्गाने कळावे लागते. ते बहुधा कबुलीजबाबावरून ठरवतात. पण कबुली मिळते ती परीक्षकाने "तू खोटे बोलतोस" म्हणून दाबून विचारल्यावर. ज्याला यंत्राने चुकून खरा ठरवले त्या गुन्हेगाराला कोणी दाबून विचारत नाही, म्हणून त्याची कबुली येत नाही. ज्या निर्दोषाला चुकून खोटा ठरवले त्याच्याकडे कबूल करण्यासारखे काही नसते. दोन्ही प्रकारच्या चुका हिशेबातून आपोआप गळतात आणि क्षेत्रीय अभ्यासांतले आकडे आहेत त्याहून चांगले दिसतात. लींनी हेरगिरी कबूल केली नाही, सरकारने तो आरोप ठेवला नाही, न्यायालयाने त्यावर निवाडा दिला नाही. त्यामुळे डिसेंबर १९९८ चा आलेख अचूकतेच्या कोणत्याच कोष्टकात बरोबर म्हणून धरता येत नाही आणि चूक म्हणूनही नाही.